हीट पंपाचा कंप्रेसर सारखा चालू-बंद होत असल्यास कंट्रोलरची सेटिंग कशी सुधारावी

पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत केवळ सोलरवर भागत नाही, म्हणून पुण्यातील अनेक सोसायट्यांनी गच्चीवर गरम पाण्यासाठी हीट पंप, म्हणजे हवेतील उष्णता घेऊन पाणी तापवणारी यंत्रे, बसवले आहेत. बसवल्यानंतर त्यांच्या कंट्रोलरकडे सहसा कोणी फिरकत नाही, आणि कंप्रेसर (यंत्रातील गॅस दाबून फिरवणारा भाग) दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. कंप्रेसर सुरू होताना त्यातील थोडे तेल गॅसबरोबर बाहेर पडते आणि ते परतण्यासाठी तो काही मिनिटे सलग चालावा लागतो. शिवाय साध्या स्टार्टरवर मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट घेते. म्हणून कंप्रेसर कमी वेळा सुरू व्हावा आणि सुरू झाल्यावर बराच वेळ चालावा, असेच सेटिंग हवे.

काहीही बदलण्यापूर्वी कंट्रोलरच्या स्क्रीनवरील पॅरामीटरच्या (सेटिंगच्या आकड्यांच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि दोन-तीन दिवस परिणाम पाहूनच पुढच्या आकड्याकडे वळावे.

सर्वांत मोठा फरक पडतो तो बंद होण्याच्या आणि पुन्हा सुरू होण्याच्या तापमानांमधील अंतराने. समजा, टाकी 1000 लिटरची आहे आणि पंप 15 किलोवॉट उष्णता देतो. हे अंतर 2 अंश ठेवले, तर पाणी वापरात नसताना कंप्रेसर जेमतेम 9 मिनिटे चालून थांबेल. तेच 6 अंश केले, तर तो 28 मिनिटे सलग चालेल. त्यामुळे 5 ते 7 अंशांचे अंतर मला योग्य वाटते. नळाला पाणी किंचित कोमट आल्याची तक्रार एखाद्या सभासदाने केली, तरी लगेच हा आकडा कमी करू नये. बंद झाल्यानंतर पुन्हा सुरू होण्यापूर्वीचा सक्तीचा विराम किमान 3 ते 5 मिनिटांचा असावा आणि तो कधीही शून्य करू नये.

अंतर वाढवूनही कंप्रेसर लवकर थांबत असेल, तर पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर तपासावा. टाकीच्या पॉकेटमध्ये (सेन्सर बसवण्याच्या नळीत) तो सैल असेल, त्याभोवती हीट पेस्ट (उष्णता नीट पोहोचवणारा लेप) नसेल किंवा तो गरम पाणी टाकीत येते त्या तोंडाजवळ असेल, तर कंट्रोलरला चुकीचे तापमान दिसते आणि मग कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही.

सेट तापमान 50 ते 55 अंश पुरेसे असते. ते जितके वाढवावे तितका गॅसचा दाब वाढतो, वीज जास्त लागते आणि कंप्रेसरवर ताण येतो. मात्र साठलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ते 60 अंशांपर्यंत नेणे हिताचे असते. त्यासाठी बहुतेक कंट्रोलरमध्ये वेगळी सोय असते.

वेळापत्रकाकडे पुणेकरांनी विशेष लक्ष द्यावे. हिवाळ्यात पहाटे तापमान 10 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते, पण दुपारी ते 28 अंशांच्या पुढे असते. टाकीचे इन्सुलेशन चांगले असेल, तर पाणी दुपारी तापवून ठेवावे. गरम हवेतून उष्णता घेणे कंप्रेसरला सोपे जाते. पहाटे हवेतून उष्णता घेणारी कॉइल हवेपेक्षा बरीच थंड असते, त्यामुळे पुण्यासारख्या ठिकाणीही तिच्यावर बर्फाचा थर साचू शकतो. म्हणून डीफ्रॉस्ट (हा बर्फ वितळवण्याची सोय) बंद न करता, तो ठरावीक वेळाऐवजी कॉइलच्या तापमानावर चालेल असे निवडावे.

हाय प्रेशरचा ट्रिप, म्हणजे गॅसचा दाब फार वाढल्याने पंप आपोआप बंद पडणे, वारंवार येत असेल, तर त्याची मर्यादा वाढवणे धोकादायक आहे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) क्षार साचतात आणि पाण्याचा प्रवाह मंदावतो. पंपात जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक कंपनीच्या माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा बराच जास्त दिसला, तर आधी गाळणी साफ करावी, सर्क्युलेशन पंप तपासावा आणि मग जाणकार टेक्निशियनकडून कंडेन्सरचे डीस्केलिंग (क्षार काढणे) करून घ्यावे.