गोठून फुटलेली मोटरहोमची पाइपलाइन: पाणी सोडण्याआधी हवा सोडा

बर्फ वितळला की अमेरिका-कॅनडात मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, बाहेर काढायची लगबग सुरू होते, आणि हिवाळ्यात पाइपांत पाणी राहून गेलं होतं हे तेव्हाच कळतं. उत्तरेकडची मंडळी निदान सवयीने थंडीआधी पाइप रिकामे करतात. दक्षिणेत ती सवय नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीची लाट आली आणि डॅलसचा पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. अशा वेळी अंगणात उभ्या गाडीला वाचवणारं काही नसतं.

मग सल्ला मिळतो: "पाणी चालू करा आणि कुठून गळतंय ते बघा." हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मोटरहोमची जमीन बहुधा प्लायवूडची असते आणि तिच्याखाली इन्सुलेशन असतं. एकदा ते भिजलं की महिनोन् महिने वाळत नाही. बुरशी येते, लाकूड कुजतं. दोन-तीनशे रुपयांइतक्या किमतीचा जोड बदलून भागलं असतं, तिथे आख्खी जमीन उखडावी लागते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बोळा तयार होतो आणि तो वाढत जाऊन पुढच्या पाण्याला दाबत राहतो. पुढचा नळ बंद असेल तर त्या अडकलेल्या पाण्याचा दाब प्रचंड वाढतो आणि त्या टप्प्यातली सगळ्यात कमकुवत वस्तू फुटते. म्हणजे बर्फ एकीकडे आणि तडा दुसरीकडे, असं सर्रास होतं. हल्लीच्या गाड्यांत पेक्सचा, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकचा, पाइप असतो. तो ताणला जातो आणि बहुतेक वेळा परत जागेवर येतो. तुटतात ते प्लास्टिकचे एल्बो (वळणाचे जोड) आणि टी (तीन तोंडांचे जोड), पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं, टॉयलेटमागचा व्हॉल्व्ह, बाहेरच्या शॉवरची तोटी आणि नळांच्या आतले भाग.

गाडी आतून पूर्ण उबदार करा, एक दिवस तरी. बर्फ शिल्लक असेल तर तोच भोक बुजवून ठेवतो आणि चाचणी खोटी ठरते. पाइपाजवळ ज्योत नेऊ नका. पाइप प्लास्टिकचे आहेत आणि गाडीत प्रोपेन गॅस आहे. वॉटर हीटरचा वीजपुरवठा आणि गॅस दोन्ही बंद ठेवा, कारण रिकाम्या टाकीत विजेचा एलिमेंट बघता बघता जळतो. मग हीटर बायपासवर टाका, म्हणजे लाइन हीटरच्या टाकीला वगळून जाईल.

गळती शोधणं

या कामातला अवघड भाग एवढाच. मलाही सुरुवातीला इथेच सगळ्यात जास्त वेळ लागायचा. कारण साधं आहे: गोठलेल्या गाडीत तडा क्वचितच एकटा असतो. मोठ्या भोकातून दाब निघून जातो, त्यामुळे लहान तडे गप्प बसतात. तुम्ही मोठं भोक दुरुस्त करून समाधानाने पॅनल लावता आणि पहिल्या मुक्कामी दुसरीकडून पाणी यायला लागतं. म्हणून शोध, दुरुस्ती, पुन्हा शोध हे चक्र गेजचा (दाब दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा स्थिर राहीपर्यंत चालवायचं.

शहराच्या पाण्याची नळी जिथे जोडतात, त्या तोंडाला बसणारा हवेचा अडॅप्टर मिळतो. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर हवाच. तो ३० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) ठेवा आणि ४० च्या वर जाऊ नका. दाबलेल्या हवेत ताकद साठलेली असते. आधीच तडकलेलं फिल्टरचं भांडं जास्त दाबाने फुटलं तर तुकडे उडतात. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा लावा. सगळे नळ, बाहेरचा शॉवर आणि खालचे ड्रेन बंद आहेत ना, ते हाताने तपासा.

हवा भरा, कॉम्प्रेसर बंद करा आणि स्वस्थ उभे राहून ऐका. पंखा, रेडिओ, हीटरचा ब्लोअर, सगळं बंद. मोठा तडा फुसफुसतो आणि लगेच सापडतो. तो दुरुस्त करून पुन्हा हवा भरली की आवाज नसतो, पण गेजचा काटा हळूहळू खाली येत असतो. खरी कसोटी इथे लागते. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडाला लावा आणि सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढणारा बघतो तसे बुडबुडे बघा. जोडाची मागची बाजू आरशाने आणि टॉर्चने पाहा. एल्बो बऱ्याचदा आतल्या वळणावर फुटतो आणि समोरून अगदी धडधाकट दिसतो.

तरीही गळती सापडत नसेल तर अंदाजाने पॅनल तोडत सुटू नका. लाइनचे भाग पाडा. टॉयलेटची शाखा सोडवून तिथे पुश-फिट (नुसतं दाबून बसणारं) टोपण लावा आणि काटा बघा. थांबला, तर दोष त्या शाखेत आहे. नाही थांबला, तर पुढची शाखा घ्या: बाहेरचा शॉवर, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. गरम आणि थंड लाइन मिक्सर नळांतून एकमेकींना जोडलेल्या असू शकतात, म्हणून दोन्ही बाजू बंद केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. काटा १५ मिनिटं जागचा हलला नाही की लाइन घट्ट आहे असं समजा. मात्र या वेळात गाडीचं तापमान बदलू देऊ नका, नाहीतर गळती नसतानाही काटा सरकतो.

या चाचणीत टाकीपासून पंपापर्यंतचा भाग येत नाही, कारण पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह हवा तिकडे जाऊ देत नाही. तो भाग टाकीत थोडं पाणी घेऊन डोळ्यांनी तपासा. पंप चालू असताना नळातून पाणी थुंकल्यासारखं तुटक येत असेल, तर पंप त्या बाजूने हवा ओढतोय.

जोड बदलणं

टेप, इपॉक्सी, रबराचा पट्टा यांपैकी दाबाच्या पाण्यापुढे काहीही टिकत नाही. फुटलेला भाग कापून काढा. पाइप फुगला असेल तर मूळ जाडी लागेपर्यंत मागे कापा. पेक्सच्या कटरने सरळ कापा, करवत नको. पितळी जोड घाला. पाइपाला जोडावर आवळणारी धातूची रिंग पाइपाच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटरवर ठेवून तिच्या हत्याराने एकदाच दाबा. चुकली तर पुन्हा दाबू नका, कापून नवी लावा. अडचणीच्या जागी मी तांब्याच्या रिंगपेक्षा स्टीलचे क्लॅम्प पसंत करतो, कारण त्यांचं हत्यार कोपऱ्यात शिरतं. पुश-फिट जोड चांगले असतात, पण हात पोचणार नाही अशा जागी कायमचे ठेवू नका. नळाखालच्या प्लास्टिकच्या नटमध्ये शंकूच्या आकाराचं वॉशर असतं. तिथे टेप लावायची नाही आणि पान्हाही लावायचा नाही, हाताने आवळलेलं पुरतं.

जुन्या गाडीत करडा पाइप दिसला तर तो बहुधा पॉलीब्युटिलीन या जुन्या प्लास्टिकचा असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो वापरात होता. त्याला पेक्सचा साधा जोड बसवू नका, वेगळा अडॅप्टर लागतो. माझ्या मते एवढं उघडलंच आहे तर सगळी लाइन पेक्सची करून घ्यावी.

पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसू नका, नवे घ्या.

पाणी

हीटर सगळ्यात शेवटी. बायपास काढा, हीटरची टाकी थंड पाण्याने भरा आणि गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत थांबा. टाकीच्या कवचातून पाझर दिसला तर टाकी बदलावीच लागते. टाकीला वेल्डिंग किंवा पुट्टी हा उपाय नाही. मग नळ बंद ठेवून पंप चालू करा. तो मध्येच आपोआप धडधडला तर अजून कुठेतरी दाब कमी होतोय. बाहेरच्या नळीच्या तोंडातून पाणी आलं तर तिथला एकदिशा व्हॉल्व्ह गेलाय. शहराची नळी जोडल्यावर पिण्याच्या पाण्याची टाकी आपोआप भरायला लागली तर पंपातला गेलाय. नळीला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय गाडी कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडू नका.

या टाकीच्या प्रत्येक १५ गॅलनला पाव कप सुगंध न घातलेलं साधं ब्लीच घालून ते पाणी सगळ्या नळांपर्यंत आणा, चार तास तरी ठेवा, मग वास जाईपर्यंत धुऊन काढा.

पॅनल अजून लावू नका. तासभर खडबडीत रस्त्यावर गाडी फिरवून आणा, पंप चालू करा आणि प्रत्येक नव्या जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. कागद कोरडा राहिला तर स्क्रू लावा.