सभासदांना पाठवलेला मेल स्पॅममध्ये का पडतो, आणि काय करायचं

बेळगाव भागातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी इथली साहित्य संमेलनं जवळ आली की शेकडो आमंत्रणं मेलनं जातात. पुण्या-मुंबईत, गोव्यात, परदेशात असलेल्या गावकऱ्यांना पत्रिका हाती देता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त मेलवरच. तो स्पॅममध्ये पडला की ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणून माणूस दुखावतो. तेव्हा ही तयारी महिनाभर आधी करावी.

मंडळाच्या साध्या जीमेल खात्यावरून ‘बीसीसी’त चारशे पत्ते कोंबणं आधी थांबवा. मोफत खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की खातं तात्पुरतं अडतं. स्वतःचं डोमेन (पत्त्यात ‘@’ नंतर येणारं मंडळाचं नाव) घ्या आणि घाऊक मेलसेवेतून पाठवा. मात्र तिथं ‘फ्रॉम’मध्ये जीमेलचा पत्ता घालू नका. जीमेलच्या नावानं भलत्याच सर्व्हरवरून आलेलं पत्र तोतयाचं वाटतं.

बरेच जण मजकुरातले शब्द बदलत बसतात. खरी मेख ओळख पटवण्यात आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. चारशेच सभासद असले तरी तिन्ही कराच. त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, टीएक्सटी प्रकारात जातात (काही सेवा डीकेआयएमसाठी सीनेम प्रकारची नोंद देतात).

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. ही नोंद एकच हवी. जुनी तशीच ठेवून दुसरी घातली की दोन्ही निकामी होतात, म्हणून नवी सेवा जुन्या ओळीतच ‘इन्क्लूड’नं जोडा. तपासताना डीएनएसच्या १० शोधांपलीकडे गेलं तरी नोंद बाद होते. डीकेआयएम ही पत्रावरची सही. किल्ली २०४८ बिटची घ्या. ती २५५ अक्षरांपेक्षा लांब असल्यानं काही पॅनलांत चिकटवताना शेपूट तुटतं, ते पाहून घ्या. ओळख न पटलेल्या पत्राचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. त्याचं धोरण सुरुवातीला ‘नन’ (none, म्हणजे काहीच करू नका) ठेवा आणि अहवालासाठी पत्ता द्या. अहवाल स्वच्छ आले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) करा.

मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसेपर्यंत सभासदांना काही पाठवू नका.

सभासद आपसात लिहितात असा गट मेलमनवर (मेल-गट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालत असेल, तर वेगळी अडचण येते. विषयापुढे गटाचं नाव आणि तळाला टीप जोडली की मूळ लेखकाची डीकेआयएम सही मोडते. याहूचं डीमार्क धोरण ‘रिजेक्ट’ (नाकारा) आहे. त्यामुळे याहूवरच्या एका सभासदाचं पत्र इतर अनेकांकडून परत येतं आणि त्या निरपराध लोकांनाच गटाचे मेल येणं बंद होतं. मेलमनमधल्या डीमार्कच्या सेटिंगमध्ये ‘फ्रॉम’ला गटाचा पत्ता घ्या, मूळ लेखक ‘रिप्लाय-टू’त ठेवा.

आपल्याकडची खास चूक फाँटची. डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपीतला मजकूर थेट चिकटवला की समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. माणसाला वाचता येत नाही, गाळणीलाही संशय येतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कानडी नोटीस सोबत असेल तर तीही. नुसती पत्रिकेची इमेज पाठवू नका. तारीख, वेळ, स्थळ अक्षरांत लिहा, पीडीएफची लिंक पूर्ण द्या. लिंक आखूड करणाऱ्या सेवा टाळाव्यात, कारण त्या फसवणारेही वापरतात.

संमेलनाच्या वहीत हातानं लिहिलेले पत्ते चुकतात. आधी ‘हा पत्ता तुमचाच ना?’ असा मेल पाठवून होकार घ्या. ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत आलेला पत्ता त्याच दिवशी काढा. नव्या डोमेनवरून पहिल्या दिवशी ५०, मग १००, मग २०० असं वाढवत जा.

आणि नाव काढून घेण्याची सोय ठळक ठेवा. ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ हेडर (त्यामुळे मेलच्या वर नाव काढण्याचं बटण दिसतं) मेलसेवेत चालू करा आणि दोन दिवसांत नाव काढा. माणूस जातोय याचं वाईट वाटतं, पण वाट सापडली नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो. जीमेलची तक्रारींची कमाल मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि ४०० जणांत दोघांनी बटण दाबलं तरी ०.५ होतात.

आधीच स्पॅममध्ये पडलेल्यांना फोन करून ‘नॉट स्पॅम’ दाबायला आणि तुमचा पत्ता काँटॅक्टमध्ये ठेवायला सांगा.