आर्थर मिलर यांच्या वाटचालीवरून गावच्या मंडळासाठी सामाजिक नाटक कसे लिहावे

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस आले की गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा गावच्या एखाद्या नाटक कंपनीचा प्रयोग ठरवण्याऐवजी गावच्या मंडळाने स्वतः लिहिलेले सामाजिक नाटक उभे करायचे ठरवले असेल, तर लेखणी उचलण्यापूर्वी अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांची वाटचाल नीट समजून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

मिलर यांचा जन्म 1915 साली न्यूयॉर्कमध्ये झाला. वडिलांचा बायकांच्या कोटांचा मोठा व्यवसाय 1929 च्या मंदीत बुडाला आणि सुस्थितीतले घर हलाखीत आले. शिक्षणाचे पैसे जमवण्यासाठी मिलर मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात राबले. पैशामुळे घरातली माणसे कशी बदलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून पहिली सूचना अशी, की विषय शोधायला घराबाहेर जाऊ नये. कर्ज, हुंडा, वाटणी, दारू यांपैकी जे आपण उंबरठ्याच्या आतून पाहिले असेल, तेच घ्यावे.

पहिला प्रयोग पडला तर खचू नये. ब्रॉडवेवरचे त्यांचे पहिले नाटक 1944 साली चार प्रयोगांत बंद पडले. त्यानंतर आणखी एकच नाटक लिहायचे आणि तेही पडले तर दुसरा उद्योग पाहायचा, असे ठरवून त्यांनी त्या एका नाटकावर दोन वर्षांहून अधिक काळ मेहनत घेतली. ते नाटक म्हणजे 1947 चे ‘ऑल माय सन्स’. युद्धकाळात लष्कराला सदोष यंत्रभाग विकणाऱ्या बापाची तक्रार त्याच्या मुलीने केली, ही बातमी त्यांना सासूकडून कळली होती. मिलर यांनी मुलीच्या जागी मुलगा आणला. त्यांचा कारखानदार जो केलर तडे गेलेले सिलिंडर हेड विमानांसाठी पाठवतो, 21 वैमानिक मरतात, दोष भागीदारावर ढकलला जातो आणि केलर सुटून येतो. नाटकाचा पडदा मात्र काही वर्षांनी, त्याच्या घरामागच्या अंगणात एका रविवारी सकाळी उघडतो.

या रचनेवर मी मुद्दाम थांबतो, कारण आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू पडते. समजा, गावातल्या कृषी केंद्राच्या मालकाने ज्येष्ठात भेसळीचे बियाणे विकले. पऱ्हे (भाताची रोपे) टाकले तेव्हा काही कळले नाही आणि रोवणा (रोपांची लावणी) झाला तेव्हाही नाही. आश्विनात मात्र एकाच बांधीत (खाचरात) काही धान निसवलेला, म्हणजे लोंबी आलेला, तर काही अजून हिरवाच उभा, आणि धुऱ्यावर (बांधावर) बसलेला शेतकरी हातातल्या लोंबीकडे पाहत राहिलेला. नाटक इथून सुरू करावे, पण शेतात नव्हे, मालकाच्या ओसरीवर. त्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे, मांडवाचे बोलणे चालू आहे आणि तेवढ्यात तो शेतकरी रिकामी पिशवी घेऊन दारात येतो. पिशवीवरचा लॉट क्रमांक मालकाचा मुलगा मोठ्याने वाचतो आणि वाचता वाचता थांबतो, कारण वहीत ती नोंद त्यानेच केलेली असते.

मालकाला खलनायक करू नये. केलर घरावर जीव टाकणारा बाप आहे, म्हणूनच ‘हे सगळे तुमच्यासाठीच केले’ असे तो म्हणतो तेव्हा प्रेक्षकाला आपल्याच घरातला आवाज ऐकू येतो. शेवटी सरपंचाच्या तोंडी भाषण घालण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. ते भाषण कापावे. लावणी आणि गाणी मात्र गाळू नयेत, तो झाडीपट्टीचा प्राण आहे. फक्त कोणते गाणे कुठे येणार, हे लेखकाने संहितेतच ठरवावे, म्हणजे मुलगा नोंद वाचत असताना मध्येच कोणी ढोलकी धरणार नाही.

जुन्या घटनेवर लिहायचे असल्यास कागदपत्रे वाचावीत. 1692 मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकिणीच्या आरोपांवरून 19 जणांना फाशी झाली, त्यावर लिहिण्याआधी मिलर यांनी तिथे जाऊन खटल्यांच्या नोंदी अभ्यासल्या. ते नाटक, ‘द क्रुसिबल’, 1953 साली रंगमंचावर आले आणि कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसे हेरण्याच्या त्या काळाला त्यातून आरसा मिळाला. 1956 मध्ये संसदीय समितीसमोर इतरांची नावे सांगण्यास मिलर यांनी नकार दिला, त्यांना दोषी ठरवले गेले आणि 1958 मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. करणीच्या संशयावरून आपल्याकडेही माणसे छळली गेली आहेत आणि 2013 पासून त्याविरुद्ध राज्याचा कायदा आहे. अशा विषयावर लिहिताना कायद्याची कलमे समजून घ्यावीत, पण पीडित कुटुंबाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल अशी खूण नाटकात येऊ देऊ नये.

मिलर यांच्याच नाटकाचे रूपांतर करायचे असेल, तर आधी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी लागते. स्वतःचे लिहायचे असेल, तर पोळ्यापर्यंत पहिला खर्डा पूर्ण करून तो मंडळासमोर मोठ्याने वाचावा. त्या बैठकीला बियाणे विकणारा एक आणि विकत घेणारा एक, असे दोघे तरी आवर्जून बोलवावेत.