बेळगावात बसून घरी छोटा रीफ टँक कसा लावायचा

रीफ टँक म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. असा टँक म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, पाणी काय गोव्यातनं आणणार? आणू नका. किनाऱ्याचं पाणी स्वच्छ असेलच असं नाही, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणाही उतरलेला असतो. घरीच बनवायचं.

टँक दोन फुटी घ्या, साधारण 60 लिटरचा. त्याहून लहान स्वस्त पडतो खरा, पण थोड्या पाण्यात काही बिघडलं की सावरायला वेळच मिळत नाही. भरल्यावर वजन 80-90 किलोपर्यंत जातं, त्यामुळं स्टँड मजबूत आणि लेव्हलमध्ये पाहिजे, खाली थर्माकोल घाला.

बोअरचं पाणी अजिबात नको. आरओचं घ्या, पण घरच्या मशीनला मिनरलची कार्ट्रिज असेल तर तिच्या आधीचं, आणि पुढं डीआय फिल्टर (उरलेसुरले क्षार काढणारा) जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. मीठ स्वयंपाकाचं चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, रीफ टँकसाठी मिळणारं रीफ सॉल्टच घ्या. लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, बादलीत मोटर लावून रात्रभर फिरवायचं आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की झालं.

मग कोरडे रीफ रॉक 5-6 किलो, अरागोनाइट (चुनखडीची) वाळू, पाणी फिरवत ठेवणारा वेव्हमेकर, हीटर आणि निळा-पांढरा एलईडी. तापमान 25-26 डिग्री ठेवा. डिसेंबरात हीटर लागतोच, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोटा फॅन लावला की दोनेक डिग्री उतरतात.

आता मासे लगेच सोडायचे नाहीत, इथंच सगळे घाई करतात. चिमूटभर फिश फूड टाकून ठेवा, ते कुजून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया दगडात स्थिरावायला 4 ते 6 आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा. मधे काचेवर तपकिरी थर चढेल, घाबरू नका, जातो. त्यानंतर आधी शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी, मग क्लाउनफिशची एक जोडी, तीसुद्धा टाकीत पैदा केलेली.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या पहिल्या टँकमध्ये मी रोज उडालेल्या पाण्याच्या जागी खारंच पाणी ओतत गेलो, पंधरा दिवसांत रीडिंग 1.030 वर गेलं, आणि एका सकाळी क्लीनर श्रिंप (छोटी समुद्री कोळंबी) दगडाखाली आडवा पडलेला, मिशा तेवढ्या पाण्याबरोबर हलत होत्या. म्हणून काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत साधं डीआय पाणीच घाला. खारं पाणी फक्त आठवड्याच्या 10 टक्के बदलीला.

मालवण-गोव्याला गेला तर समुद्रातनं प्रवाळ उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कडक प्रवाळ आणि सी फॅन (पंख्यासारखं प्रवाळ) पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. सुरुवातीला झोअँथिड, मशरूम कोरल यांसारखे प्रवाळाचे मऊ प्रकार भरवशाच्या माणसाकडनं घ्या, 2-3 महिन्यांनी.

जूनमध्ये लाईट जायला लागायच्या आधी बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा की, आणि सेल घालून एकदा चालवून बघा.