गाडीच्या काचांवरची जुनी काळी फिल्म घरच्या घरी कशी काढायची

मागच्या उन्हाळ्यात सेकंडहँड गाडी घेतली, तिच्या चार दारांच्या आणि मागच्या काचेवर आधीच्या मालकाने लावलेली फिल्म होती, पार जांभळी पडलेली आणि मागे तर एवढे फुगे की रात्री आरशात एका गाडीचे चार हेडलाइट दिसायचे. स्वस्त फिल्ममधला रंग उन्हाने उडतो म्हणून ती अशी जांभळी होते. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच काळ्या फिल्म बंद केल्यात, नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, पण चलन राहू द्या बाजूला, पावसात रात्री रिव्हर्स घेताना मागे लहान मूल उभं असलं तरी दिसणार नाही ही खरी भीती, म्हणून जुनी फिल्म असेल तर काढाच.

सामान घरातलंच लागतं. हेअर ड्रायर किंवा कपड्यांचा स्टीमर, स्प्रे बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब, नवीन ब्लेड, प्लास्टिकचा स्क्रॅपर, जुने टॉवेल, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या. गाडी तासभर उन्हात लावा, गोंद मऊ पडतो. दारात पॉवर विंडोची बटणं असतील तर त्यावर टॉवेल नक्की टाका, पाणी आत गेलं की खर्च वाढला.

फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असते हे लक्षात ठेवा. काच दोन इंच खाली करा म्हणजे फिल्मची वरची कड मोकळी होते, तिथे कोपऱ्यावर ड्रायर अर्धा-एक मिनिट फिरवत राहा (एका जागी धरून ठेवू नका, काच तडकू शकते), मग नखाने किंवा ब्लेडच्या टोकाने कोपरा उचला. आता घाई करायची नाही. एका हाताने फिल्म हळू ओढायची, दुसऱ्या हाताने ती जिथे सुटतेय बरोबर तिथेच गरम हवा मारत जायची. झटका दिला की वरचा थर फाटून हातात येतो आणि गोंद सगळा काचेवर राहतो, माझ्या पहिल्या दाराचं तेच झालं आणि नुसता गोंद काढण्यात तास गेला, पुढची तीन दारं मात्र सावकाश ओढली तर जवळजवळ अख्खी निघाली.

राहिलेल्या गोंदावर साबणाचं पाणी भरपूर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, मग ब्लेड आडवं धरून एकाच दिशेने खरवडा. काच कायम ओली हवी, कोरड्या काचेवर धुळीचा एक कण ब्लेडखाली आला तरी ओरखडा पडतो. शेवटचा चिकटपणा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो, गाडीची दारं उघडी ठेवून वापरा. पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिक खराब होतं आणि बंद गाडीत आगीचा धोका आहेच. आणि सुरुवातीला कोपरा सोडवायला खाली केलेली काच वर घेतली की गोंद पूर्ण निघेपर्यंत परत खाली करू नका, तो दाराच्या रबरात जाऊन बसतो.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काच गरम करून धुकं घालवणाऱ्या) बारीक आडव्या रेघा असतील तर तिथे ब्लेड अजिबात लावायचं नाही, रेघ कापली गेली की तेवढी लाइन बंद. आतून साबणाचं पाणी मारून काळी पिशवी कापून काचेला चिकटवा, बाहेरूनही एक तशीच, आणि दोन तास कडक उन्हात सोडून द्या. काळा रंग ऊन शोषतो, आतला ओलावा सुकत नाही, गोंद सैल होतो. नेटवर याच कामाला अमोनिया वापरायला सांगतात, मी सांगणार नाही, बंद गाडीत त्याच्या वाफेने डोळे आणि घसा जळतो. नंतर स्टीमरची वाफ देत फिल्म रेघांच्याच दिशेने म्हणजे आडवी ओढा, उभी नको. उरलेला गोंद प्लास्टिकच्या स्क्रॅपरने किंवा अल्कोहोलच्या कपड्याने, तोही रेघेच्या दिशेनेच. या एका काचेला मला तीन तास लागले, घाई असेल त्या दिवशी हात घालू नका.

सगळं झालं की काचेवर आतून तोंडाची वाफ सोडून डिफॉगर चालू करा. ज्या रेघेजवळचं धुकं हटत नाही ती तुटलीय समजा, त्यासाठी वीज वाहणारा पेंट मिळतो, तुटक्या जागी त्याचा बारीक ठिपका दिला की बऱ्याचदा लाइन परत चालू होते.