रेसिडेंटवर कोविड वॉर्ड सोपवताना

२०२० साली सोलापुरात मी कोविड वॉर्डात शिकवत होते. त्यातून सीनियर डॉक्टरांना सांगते: पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटवर (वॉर्डात काम करत शिकणाऱ्या निवासी डॉक्टरवर) रात्रपाळी सोपवण्याआधी तीन रात्री त्याच्या शेजारी उभ्या राहा. निर्णय त्याचा, तुम्ही फक्त "का?" विचारा. रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के राखणं, त्याला पालथं झोपवणं लवकर जमतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मात्र ऑक्सिजन लागणाऱ्यालाच, रोज ६ मिलिग्रॅम, रक्तातली साखर तपासत; इथे नवे रेसिडेंट घाई करतात, म्हणून कारण वदवून घ्या.

तुम्हाला फोन कधी करायचा ते भिंतीवर लिहा: श्वास मिनिटाला ३० च्या वर, गुंगी, लघवी कमी. रात्री दोनच्या फोनवर चिडू नका. चिडलात तर पुढचा फोन येणारच नाही.

मृत्यूची बातमी सांगायला त्याला एकट्याला पाठवू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, विडी वळणाऱ्या आजींशी बोलायला तेलुगू येणारी सिस्टर सोबत द्या.