खाटेशेजारी हृदय बघताना या चुका टाळा

हृदय बघायचा, खिशात मावणारा अल्ट्रासाऊंड प्रोब आता नागपुरातल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या एप्रनमध्येही दिसतो. राउंडला येतात, जेल लावतात, दहा सेकंद बघतात आणि सांगतात, "सर, हार्ट चांगलं आहे." त्या दहा सेकंदांची मला धास्ती वाटते.

सगळ्यात जास्त घात डेप्थ, म्हणजे स्क्रीनवर छातीच्या किती आतपर्यंत दिसतं ते सेटिंग, करते. हृदय स्क्रीनभर दिसावं म्हणून पोरं सुरुवातीलाच ती १० सेंटिमीटरवर आणतात. मी १६ वर सुरू करतो, मागचं सगळं पाहून घेतो आणि मगच कमी करतो.

मे महिन्यातल्या एका रात्री अडीचला फोन आला. "सर, टॅम्पोनेड आहे. सुईची तयारी झाली." टॅम्पोनेड म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठून हृदय दबणं; ते पाणी सुईनं काढतात. साठीचे काकाजी, धाप लागलेली, नाडी १३०. स्क्रीनवर डाव्या व्हेंट्रिकलमागे (हृदयाच्या खालच्या कप्प्यामागे) काळा पट्टा होता खरा, पण चित्र तिथंच संपत होतं. डेप्थ वाढवली तेव्हा डाव्या एट्रियमच्या (वरच्या कप्प्याच्या) मागे उतरत्या एओर्टाचा (छातीतून खाली जाणाऱ्या मुख्य धमनीचा) गोल दिसला, आणि पाणी त्या गोलाच्याही मागे होतं. पेरिकार्डियममधलं, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीतलं, पाणी हृदय आणि एओर्टाच्या मधे शिरतं. प्लुरातलं, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणातलं, एओर्टाच्या मागे राहतं. उजवं व्हेंट्रिकलही कुठं दबत नव्हतं. सुई बाजूला ठेवली, डाव्या छातीतलं पाणी काढलं, पहाटेपर्यंत काकाजी बोलायला लागले. पाणी नसलेल्या पेरिकार्डियममध्ये सुई घातली असती, तर ती थेट हृदयात गेली असती. तो रेसिडेंट कष्टाळू होता, फक्त घाईत होता. तेव्हापासून एओर्टाचा गोल दाखवल्याशिवाय माझ्या युनिटमध्ये कुणी 'पेरिकार्डियल इफ्यूजन' (हृदयाच्या पिशवीत पाणी) लिहीत नाही. काळा पट्टा फक्त पुढच्या बाजूलाच असेल तर ती बरेचदा चरबी असते.

पेशंटला उताणं ठेवून पॅरास्टर्नल व्ह्यू (छातीच्या मधल्या हाडाशेजारून दिसणारा) शोधत बसू नका. "काकाजी, डाव्या कुशीवर व्हा, डावा हात डोक्याखाली घ्या," एवढं म्हणायला वेळ लागत नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला वळवता येत नसेल तर सबकॉस्टलनं, म्हणजे बरगड्यांच्या खालून, बघा.

प्रीसेट (मशीनचं आधीच ठरवलेलं सेटिंग) कार्डियाकच आहे ना, ते आधी तपासा. पोटाच्या प्रीसेटमध्ये प्रोबची दिशा दाखवणारी खूण स्क्रीनच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि डावं-उजवं उलटं होतं.

ईएफचा (व्हेंट्रिकल दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्याचा) आकडा सांगण्याची हौस मला अजिबात पटत नाही. एपिकल व्ह्यूमध्ये, म्हणजे हृदयाच्या टोकाकडून बघताना, प्रोब एक बरगडी वर राहिला की ते टोक कापलं जातं. व्हेंट्रिकल आखूड, गोल दिसतं आणि खरं आहे त्यापेक्षा जोरात आकुंचन पावल्यासारखं वाटतं. टोक जाड दिसत असेल आणि आतबाहेर उड्या मारत असेल तर एक बरगडी खाली, थोडं बाहेर सरका. माझ्या नोंदीत तीनच शब्द असतात: चांगलं, कमी, फारच कमी. किमान दोन व्ह्यू जुळले तरच. आकडा हवा असेल तर पूर्ण इको मागवा.

आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर) म्हणून एओर्टा मोजलेली मी कितीदा तरी पाहिली. नळी उजव्या एट्रियमला मिळताना दिसली पाहिजे, तरच ती आयव्हीसी. २.१ सेंटिमीटरपर्यंत रुंदी आणि जोरात हुंगल्यावर निम्म्याहून जास्त मिटणं म्हणजे नॉर्मल, हा नियम स्वतः श्वास घेणाऱ्या माणसासाठी आहे. व्हेंटिलेटरवर तो लावू नका, आणि एकट्या आयव्हीसीच्या भरवशावर सलाईन चढवू नका.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की फोनला जोडलेला प्रोब तापतो आणि मधेच बंद पडतो. वॉर्डात न्यायच्या आधी तो थंड खोलीत ठेवा. क्लिप सेव्ह करा, नुसतं तोंडी सांगू नका.

आणि प्रोब बॅगेत टाकून घरोघरी जाऊ नका. हृदय बघायला घेतलेलं असलं तरी ते अल्ट्रासाऊंड मशीनच आहे, आणि त्याला १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंगनिदान रोखणारा) लागू होतो. पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेतच, दाखल पेशंटसाठी वापरता येतं. बाहेर न्यायचं तर नियमात बसणारं फिरतं वैद्यकीय पथकच लागतं. नवा प्रोब आला की मी आधी नोंदणीचा कागद बघतो, मग डबा उघडतो.